काळ्या मातीवरच्या खोल्या

कोल्हारला आम्ही सहा खोल्या बांधल्या, तेव्हा जागा स्वस्तात मिळाल्याचाच आनंद मोठा होता. जागा उसाच्या काळ्या रानातली. अशा मातीत पाया फार खोल न्यावा लागतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर आम्ही ऐकलं नाही. वरवरचा दगडी पाया, विटांच्या भिंती आणि पत्रे. दोन खोल्यांत आम्ही, चार भाड्याने. मी तिथल्या शाळेत शिक्षिका होते, आमचे हे पाटबंधारे खात्यात. खोल्यांची सगळी हौस त्यांची. पण वर्षभरात त्यांची बदली नांदेडला झाली आणि खोल्या माझ्या गळ्यात पडल्या.

उन्हाळ्यात माती आटली की भिंतींना भेगा पडायच्या. एक तर एवढी रुंद, की पलीकडच्या खोलीतला उजेड दिसायचा. पावसाळ्यात माती फुगली की दारं चौकटीत अडकायची. माझे रविवार गवंडी शोधण्यात जायचे. भेगा भरायच्या, गिलावा करायचा, चुना मारायचा. पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा तिथेच, आणि शेजारी एक नवी. शाळेतून येताना लांबूनच दिसायचं, आमच्या दाराशी कुणीतरी उभं आहे. "बाई, मोरी तुंबलीय." "बाई, पत्रा गळतोय." कधी कधी मी मुद्दाम बसस्टँडला वळसा घालून घरी यायचे. तेवढीच माझी सुटका.

विकून टाकू आणि मीही तिकडे येते, असं मी एसटीडी बूथवरून ह्यांना सांगून पाहिलं. "आधी मामांना विचार," एवढंच ते म्हणाले.

मामा म्हणजे माझे सासरे. ते माझ्याजवळच राहत. त्यांचा जन्म दुसऱ्यांच्या रानात ऊसतोडणी करण्यात आणि दुसऱ्यांच्याच जागेतल्या छपरात गेला होता. आमच्या घराण्यात स्वतःच्या जागेवर भिंती उभ्या राहिल्या त्या ह्याच. सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते ओट्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्याच हायेत खोल्या. समद्या!" विकायचा विषय काढला तेव्हा ते ताटावरून उठले. "म्या मेल्यावर इका," म्हणाले.

शेवटच्या खोलीत एक तरुण जोडपं राहायचं. तो साखर कारखान्यात फिटर. ती सोनईकडची, पहिलटकरीण. नववा लागला होता आणि माहेरी न्यायला तिचा भाऊ येणार होता. त्या सुमारास गावात चोऱ्या वाढल्या होत्या, म्हणून भाडेकरूंच्या सांगण्यावरून मी खिडक्यांना जाड गज बसवून घेतले होते.

पोळ्याच्या आधी पावसाने झड लावली. एका सकाळी मी शाळेला निघत होते, तोच फिटरची शेजारीण धावत आली.

"बाई, तिचं दारच उघडंना! आतून ओरडतीय."

मी पळत गेले. दारावरची भिंत खचून चौकट दबली होती आणि दार तिच्यात गच्च आवळलं होतं. खिडकीतून पाहिलं, तर ती खाटेचा कठडा धरून खाली बसलेली.

"कडी काढलीय हो बाई, पण दार हलत नाही. आणि माझं पाणी गेलंय."

फिटर कामावर गेलेला. शेजारणीच्या नवऱ्याने दाराला खांदा दिला, तशी वरून माती पडली. दोन विटा सरकल्या. "थांबा!" मी ओरडले. "भिंत तिच्या अंगावर येईल." खिडकीला माझेच गज. उरली फक्त शेजारणीच्या आणि तिच्या खोलीमधली भिंत.

मी वळले, तर मामा मागे उभे. "मामा, मधली भिंत फोडावी लागेल."

त्यांनी धोतराचा काष्टा वर खोचला. मग म्हणाले, "मंग बगतीस काय? फोड की! पहार कुटं हाय?"

शेजारणीचा नवरा पहार मारत होता आणि मामा हातांनी विटा उपसत होते. भिंत लवकर फुटली. ओल्या गुळाच्या ढेपेसारखी सुटत गेली. एवढ्या भुसभुशीत भिंतींच्या भरवशावर आम्ही माणसं ठेवली होती! आम्ही दोघी बायकांनी तिला भगदाडातून अलगद ओढून घेतलं. रस्त्यावर टेम्पो थांबवून सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

घरी येताना मला वाटत होतं, आता तरी मामा विकायला हो म्हणतील. ते ओट्यावर बसले होते. बोटं सोलली होती, त्यांवर हळद लावलेली.

"पोरगी झाली," मी सांगितलं.

"ब्येस झालं." मग म्हणाले, "आता ह्या खोल्या पाडू अन् पुन्यांदा बांदू. लोखंड घालून. माणूस मराया नको आपल्या घरात."

त्यांचं चुकत नव्हतं. म्हणूनच मला रडू आलं. आत जाऊन मी चुलीपुढे तोंड फिरवून बसले.

शेवटच्या दोन खोल्या पाडल्या. खोल खड्डे घेऊन कॉलम उभे केले. पुढच्या वर्षी उरलेल्या धरल्या. ह्यांची बदली परत जवळ झाली नाही आणि मी कोल्हार सोडू शकले नाही.

पहिल्या दोन खोल्यांचं काम चालू असतानाच फिटरचं जोडपं बाळाला घेऊन आलं, ते आमच्याकडे ठेवलेलं सामान न्यायलाच. ती ओशाळून म्हणाली, "रागावू नका बाई. तुम्ही जीव वाचवला, पण आता दार लावलं की मला श्वास घेता येत नाही."

"रागवायचं काय त्यात?" मी म्हणाले. मुलीच्या हातात झबल्याचं कापड ठेवलं. टेम्पोत भांडी, खाट, कंदील चढले. ती पुढे बसली आणि टेम्पो राहुरीच्या दिशेने निघून गेला. मला राग नव्हता, हेवा होता. तिला नकोसं झालं आणि ती गेली, इतकं सोपं.

मागे गवंडी हाक मारत होता. सिमेंट संपलं होतं.