मंदाकाकूंची झोपलेली चरबी

घाटंजीत कुणाकडेही जायचं झालं तरी मंदाकाकू स्वतःचं लोखंडी स्टूल काखेत घेऊन निघायच्या. एका बारशाला त्यांच्याखाली प्लास्टिकची खुर्ची मोडली आणि सगळा मांडव हसला, तेव्हापासून. "मले हासा, पण लोकायचं नुकसान नको," म्हणायच्या.

आमच्या शेजारी त्या एकट्याच राहायच्या. दिवसभर तूर निवडायच्या, खायच्या चिमणीएवढं, तरी अंग वाढतच गेलं. "हवाबी लागते वं मले!" त्यात पोटाचा हर्निया. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवल्याशिवाय ऑपरेशन नाही. आणि आतडं अडकलं तर जीव जाईल. काकूंनी धसकाच घेतला. पहाटे चालून पाहिलं, रात्रीचं जेवण सोडलं. काटा काही हलेना.

मग मोबाइलवर काहीतरी पाहिलं. मानेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "वनिता, इथं भुरी चरबी असते म्हने. ती जागी झाली का बाकीची चरबी जाळते. शुगरच्या जुन्या गोळीनं ती जागी करून राह्यले लोक. माह्यी झोपली हाय वं! तुह्या बाबाची शुगरची एक गोळी दे."

"अवो काकू, डॉक्टर लोक अजून तपासूनच राह्यले ते. तुमाले शुगर नाही, अन सगळ्या गोळ्या का सारख्या असतात?"

"तुले काय जाते बोलाले? आतडं माह्यं अडकन!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला रागही आला आणि रडूही. गोळी मी दिली नाही.

पण आमच्या गल्लीत विरजण मागावं तशी गोळी मागतात. गुडघ्याची, तापाची, प्रेशरची. कुणी नाही म्हणत नाही. काकूंनी घराघरांतून शुगरच्या रंगीबेरंगी गोळ्या जमवल्या. "शुगरची म्हंजे शुगरची!" तेवढ्यात नवरात्र लागलं. उपासात गोळी जास्त लागू पडेल असं ठरवून या बाईनं त्या उपाशीपोटी घेतल्या. आता काय म्हणावं हिला?

अष्टमीच्या आरतीत त्या कोसळल्या. घामानं चिंब, दातखीळ बसलेली. यवतमाळला नेलं. रक्तातली साखर पार तळाला गेली होती. सलाईनमधून ग्लुकोज गेलं, तसे डोळे उघडले. मला वाटलं, पाणी मागतील. त्या नळीकडे पाहत म्हणाल्या, "काढ वं हे. साखरेचं पानी हाय, वजन वाढन." नळी ओढू नये म्हणून मी त्यांचा हात धरून बसले. "काटा आन. पाह्य, उतरलं का?"

"उतरलं, काकू," मी म्हणाले.

"खरं? मंग डॉक्टरले सांग, आता कापा म्हना." आणि लहान पोरीसारख्या हसल्या.

गोळ्यांचा अंमल काही जाईना. संध्याकाळी साखर पुन्हा घसरली, आणि त्या गेल्या. वजन कुणी केलंच नव्हतं.