प्लॅटफॉर्म तिकीट

मोरेश्वर काळमेघ मूर्तिजापूरला स्टेशन मास्तर होते. प्लॅटफॉर्म तिकीट नाही म्हणून त्यांनी एकदा सख्ख्या मेहुण्याला फलाटाबाहेर काढलं होतं, वऱ्हाडादेखत.

२०२०च्या फेब्रुवारीत ते आयर्लंडमधल्या ड्रोहेडाला मुलीकडे, स्वरूपाकडे, तीन महिन्यांसाठी आले आणि साथीमुळे पंधरा महिने राहिले.

ड्रोहेडाच्या स्टेशनाला लागूनच बॉइन नदीवरचा १८५५चा पूल आहे. दगडी कमानी, मधे लोखंड, आणि हे सगळं इतक्या उंचावर, की खालून बघताना टोपी सांभाळावी लागते. पहिल्या दिवशी मोरेश्वरराव खाली अर्धा तास उभे राहिले. घरी आल्यावर चहाही मागेनात, तेव्हा स्वरूपाने त्यांचा ताप मोजला.

त्यांना एकच हवं होतं: फलाटावर उभं राहून गाडी त्या पुलावर जाताना बघायची. तिकीट खिडकीवरच्या डेक्लनकडे त्यांनी प्लॅटफॉर्म तिकीट मागितलं. तसलं काही इथे नसतं, सरळ आत जा, असं तो म्हणाला. मोरेश्वरराव सरळ बाहेर आले. तिकीटच नाही म्हणून आत जाता येतं, हे शास्त्र त्यांना चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं. प्रवासाचं तिकीट काढावं, तर साथीत परवानगी फक्त अत्यावश्यक प्रवासाला. आणि खोटं कारण सांगणं रेल्वेच्या माणसाला शोभत नाही.

"इट्स ग्रँड, आजोबा. जस्ट वॉक इन," असं नात केतकी म्हणायची. आजोबा रोज कुंपणाबाहेर उभे राहायचे. गाडी यायची, वेळेवर, जवळजवळ रिकामी. कुणी बसणार नाही हे ठाऊक असूनही ती येते, याचं त्यांना पुलाइतकंच नवल वाटे.

मे २०२१मध्ये प्रवास खुला झाला. परतीच्या विमानाला दहा दिवस होते. मोरेश्वररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पुलापलीकडच्या डंडॉकची दोन तिकिटं काढली आणि केतकीला घेऊन पहिल्यांदा फलाटावर पाऊल ठेवलं.

गाडी आली. दारं उघडली. आजोबा फलाटाच्या टोकाला ताठ उभे. उजवा हात आडवा, हातात हिरवं निशाण असल्यासारखा. दारं मिटली. गाडी हळूच पुलावर चढली आणि नदीवरून, आभाळातून चालल्यासारखी, पलीकडे गेली. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत हात खाली आला नाही.

"आजोबा, वी मिस्ड इट."

"स्टेशन मास्तर गाडीत नाई बसत, बाई," डोळे पुसत ते म्हणाले. "तो गाडी काढून देते."

मग हेच तिकीट पुढच्या गाडीला चालतं का, हे विचारायला ते डेक्लनच्या खिडकीकडे निघाले.