उभ्याचं टेबल आणि माझा डावा पाय

“व्हेरिकोज व्हेन्स,” सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवत डॉक्टर म्हणाले. पायातलं रक्त वर नेणाऱ्या शिरांच्या झडपा सैल होतात, रक्त खालीच साचतं आणि शिरा फुगतात. “काम उभ्याने असतं का? दुकान वगैरे?”

“कॉम्प्युटरवर,” मी म्हणालो. ते चष्म्यावरून बघतच राहिले.

हे मी हौसेने ओढवून घेतलं होतं. अंबरनाथला घरून काम करताना बसून बसून कंबर धरली, तेव्हा आधीच्या डॉक्टरांनी “सतत बसू नका” एवढंच सांगितलं. मी त्याचा अर्थ ‘सतत उभे राहा’ असा काढला. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. मग उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या फर्निचरच्या दुकानात उंच टेबल बनवून घेतलं. “साईं, फिक्स हाइट लो, हिलेगा नहीं,” सिंधी दुकानदार म्हणाला. ते खरंच हललं नाही. दिवसभर मीही हललो नाही.

कंबर खूश झाली. पण संध्याकाळी डावा पाय जड व्हायला लागला, पोटरीत गोळे यायला लागले. घोट्याजवळची कातडी काळपट पडली, तरी मी आपला व्हिडिओतल्यासारखा ताठ.

“एका जागी उभं राहणं बंद,” डॉक्टर म्हणाले. “थोडं बसा, थोडं चाला. नाहीतर घोट्याजवळ जखम होईल. ती लवकर भरत नाही.”

तशी जखम आमच्या घरातच होती, हे तेव्हा लक्षात आलं. बाबांच्या घोट्याला कायम पट्टी असते. ते इथल्याच एका कारखान्यात मशीनवर उभ्याने काम करायचे. पट्टी कशाची, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज दिले, म्हणजे पाय आवळून धरणारे लांब मोजे. बदलापूर-अंबरनाथच्या उकाड्यात ते चढवून बघा, म्हणजे माझी चिडचिड कळेल. बसलो तर कंबर, उभा राहिलो तर पाय. आता काय आडवा पडून काम करू?

घरी सांगितलं तर बाबा भडकलेच. “अरे, मशीनपाशी एक स्टूल द्या म्हणून आम्ही गेटवर धरणं धरलं होतं. पगार कापला गेला. आणि तू घरात खुर्ची असून उभा?”

“मग मिळालं का स्टूल?”

“मिळालं ना. मी रिटायर झाल्यावर.”

माझ्यासारखं कोणी टेबल घेत असेल तर त्याला एवढंच सांगेन: उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे. बसा, उठा, चाला. पाय सुजला तर वेळेवर दाखवा. माझी सूज आता उतरतेय, काळा डाग मात्र तसाच आहे.

त्याच दुकानातून टेबलाच्या मापाचं उंच स्टूल करून आणलं. बाबांनी आधी स्वतः बसून बघितलं. टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मी गॅलरीत फेऱ्या मारत राहिलो.