सीट त्याच्या मापाची

शारजाबाहेर एका अरबाच्या फार्मवर, चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारी जुनी लष्करी गाडी आहे. मालक हौशी आणि मी त्याच्याहून हौशी. तीन वर्षं दर शनिवारी करामातल्या घरून जाऊन मी तिचा गंज खरवडला, पट्ट्यांच्या पिना ठोकल्या, इंजिन चालू केलं. ड्रायव्हरची सीट सगळ्यात शेवटी बसवली. तेव्हा कळलं, तिथे माझं पोट मावत नाही.

मावला कोण? आमच्या ऑफिसातला काडीपैलवान अकाउंटंट, जो फक्त मालकाची बिर्याणी खायला माझ्यासोबत आला होता. "यल्ला, तू बस," मालक म्हणाला. अकाउंटंटने वळवायचे दोन्ही लिव्हर धरले आणि माझी गाडी त्याला घेऊन निघाली. मागे धुरात माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

एक चक्कर मारून तो म्हणाला, "भाऊ, डावी पट्टी सैल वाटतेय. जरा बघतोस?"

ती मी स्वतः आवळली होती. "तुला चालवता येत नाही, म्हणून तसं वाटतंय."

पुढच्याच वळणावर पट्टी निसटली. खरं सांगतो, लाज वाटायच्या आधी मला गुदगुल्या झाल्या.

पट्टी परत चढवताना बाहेरचा माणूस ती पहारीने उचलून धरतो आणि आतला, तो सांगेल तेवढीच गाडी पुढे घेतो. आतलं लोखंड तव्यासारखं तापलं होतं.

"भाऊ, आता घेऊ पुढे?"

"मी सांगेपर्यंत हलायचं नाही!"

पट्टी केव्हाच जागेवर बसली होती. तरी मी बराच वेळ काही बोललो नाही.