पुराच्या होडीचं दुखणं

लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा त्याला सगळंच नवं लागलं. कचेरी नवी, शिक्के नवे, खुर्च्या नव्या. आणि प्रत्येक जिल्ह्याकडं पुरासाठी एक मोटरची होडी असावी असा नियम होता म्हणे. म्हणून ऐन दुष्काळात, गावोगाव पाण्याचे टँकर फिरत असताना, अहमदपूरजवळच्या आमच्या आटत चाललेल्या तळ्यावर ट्रकमधून होडी उतरली. आधी म्हशी बघायला आल्या, मग त्यांच्या मागं माणसं.

मी तेव्हा तालुक्याच्या जुन्या कचेरीत रोजंदारीवर मेकॅनिक होतो. उमर गेली विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करण्यात. होडीच्या मोटरला हात लावायला दुसरं कोणी धजेना, तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली, आणि मी खुशीनं पडू दिली. कारण ओव्हरसियर म्हणाले होते, "मिस्त्री, शुक्रवारी साहेब होडीत बसून बघणार हायत. खूश झाले तर होडीसाठी कायम मेकॅनिकची जागा मागू. ती तुमचीच." सहा वर्षं रोजंदारीवर काढलेल्या माणसाला 'कायम' हा शब्द कसा लागतो, ते कायम माणसाला सांगून कळायचं नाही. बायकोला सांगितलं, तर तिनं त्याच दिवशी जळकोटला माहेरी निरोप धाडला.

गुरुवारी मोटर झकास पळाली. शुक्रवारी सकाळी, साहेब यायला दोन तास असताना, मी दोरी ओढली, चालू झाली, वेगाची मूठ पिळली, तर ती नुसती कण्हायला लागली. आवाज जड, चाल बैलगाडीची. काठावरून एक म्हातारा ओरडला, "मिस्त्री, त्यापरीस म्हैस जुंपा की फुडं!" असा संताप आला, वाटलं ह्यालाच जुंपावं.

प्लग काढला, घासला, बसवला. तेच. पेट्रोलात पाणी असेल म्हणून सगळं पेट्रोल माझ्या उपरण्यातून गाळलं. थेंब निघाला नाही. त्या साली विहिरीत नव्हतं, ते पेट्रोलात कुठून येणार! टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू ढिला केला. कार्बोरेटर उघडून फुंकला. तोंड काळं झालं, मोटर होती तशीच.

"काय करून राहिले मिस्त्री? इज्जत जाती आता," ओव्हरसियर दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते.

"बघूनच राहिलो की!" मी खेकसलो.

खाली पाण्यात बघायचं मात्र मला सुचलं नाही. आमच्या धंद्यात इंजिन चांगलं असून पाणी येत नसेल तर दोष विहिरीचा, आणि विहिरीला कोणी पाना लावत नाही. शेवटी वैतागून अख्खी मोटर वर उचलली, तेव्हा कुठं पंखा दिसला. त्याला एक पोपटी खण गुंडाळला होता, असा आवळून की पाती धड दिसेनात.

खण मी ओळखला. दिवाळीला मीच आणला होता, बायकोला. नवऱ्याची नोकरी कायम होऊ दे म्हणून ती आदल्या संध्याकाळी होडीपाशी येऊन, मला न सांगता, पाण्याची ओटी भरून गेली होती. नारळ कोणीतरी पळवला असणार. खोल पाणी असतं तर खण तळाला गेला असता. मांडीभर पाण्यात तो जाणार कुठं? हसायला येत होतं. चाकूनं कापून काढला आणि खिशात कोंबला.

"काय होतं?" ओव्हरसियरनी विचारलं.

"शेवाळ," मी म्हणालो.

साहेब आले, होडीत बसले. मी मूठ पूर्ण पिळली आणि होडीनं नाक वर केलं. बघता बघता तळंच संपलं. वळवली, परत आणली. साहेब हसत उतरले, माझ्या पाठीवर थाप मारली. "वा मिस्त्री! एकदम फर्स्ट क्लास." मग ओव्हरसियरकडं वळून म्हणाले, "इतकी चांगली चालते, हिला कायम माणूस कशाला? पूर येईपर्यंत ताडपत्री टाकून ठेवा. जागेचं राहू द्या."

"हो साहेब," ओव्हरसियर म्हणाले. मीही मान हलवली. काय करणार? अर्ध्या चालीनं कण्हत राहिली असती, तर माझ्यावाचून तिचं पान हललं नसतं. पण हाताची खाज! दुरुस्त केल्याशिवाय राहवलं असतं तर ना!

घरी बायको दारातच उभी होती. "साहेब खूश झाले का हो?"

"लई खूश."

तिनं डोळे मिटून हात जोडले आणि माझ्या तळहातावर साखर ठेवली. मी खाल्ली. खरं सांगायला मला आठ दिवस लागले. ते आठही दिवस ती, घरात जेमतेम वाटीभर उरलेलं तूप, माझ्याच भाकरीवर घालत होती.