नदीकाठचा न सापडलेला पक्षी

जंगलातल्या त्या पाहुणेघरात खोल्या सहाच, पण चादरी कायम ओल्या. वर्षातले दहा महिने पाऊस. त्यामुळे तिथे कपडे धुणाऱ्या काकूंना धुण्यापेक्षा वाळवण्याचंच काम जास्त. चुलीशेजारच्या पडवीत टॉवेल टाकायचे आणि नदीकडे तोंड करून शिट्टी घालायची, हा त्यांचा सकाळचा नेम. पलीकडच्या काठावर धाकटी बहीण राहायची. पाण्याच्या आवाजात हाक बुडून जाई, शिट्टी मात्र आरपार पोचे. त्यांच्या जमातीचे वाडवडील जंगलात शिट्टीतूनच बोलत. अख्खी वाक्यं, टोमण्यांसकट. आता वस्तीत मोबाइल आले होते आणि ही बोली येणारी पाच-सहा म्हातारी माणसं तेवढी उरली होती. पाहुणेघरातच स्वयंपाक करणाऱ्या त्यांच्या सुनेला थोडंफार कळे, पण चारचौघांत तिला त्याची लाज वाटे.

एकदा चार नंबरच्या खोलीत एक निवृत्त मास्तर उतरले. पक्ष्यांचं भारी वेड. दुसऱ्याच दिवशी ते दुर्बीण घेऊन एका पक्ष्याच्या हात धुऊन मागे लागले. चिखलात दोनदा आपटले, जळवा चिकटल्या, पण पक्षी काही दिसेना. चौथ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी सगळ्यांना त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. असा आवाज कुठल्याच पुस्तकात नाही, बहुधा नवीनच जात सापडली, असं त्यांनी जाहीर केलं.

चहा ओतणाऱ्या सुनेला हसू आवरेना. व्यवस्थापकाने खोदून विचारल्यावर तिने सासूकडे बोट दाखवलं. काकू चादरींच्या घड्या छातीशी धरून दारातच थिजल्या होत्या.

"पक्षी नाही हो, मी आहे," त्या म्हणाल्या. "बहिणीला सांगत होते, चार नंबरचे आजोबा रोज पांढऱ्या टॉवेलने बूट पुसतात."

मास्तरांचे कान लाल झाले. मग ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "टॉवेल सोडला," ते म्हणाले. "पण मला हे शिकवाल?"

मास्तरांनी मुक्काम आठवडाभर वाढवला. त्यांचं ऐकून आणखी पाहुणे आले. व्यवस्थापकाच्या डोक्यात लगेच चक्रं फिरली: स्टेज बांधू, काकूंना पिसांचा मुकुट घालू.

"आमच्यात पिसं पक्षीच घालतात," काकूंनी ऐकवलं.

मग पाहुण्यांना जंगलात फिरवून ही बोली ऐकवायचं ठरलं, पण अटी वस्तीने घातल्या. एका वेळी सहाच पाहुणे, वाट म्हातारी माणसं दाखवतील ती, आणि खोटंनाटं काही सांगायचं नाही. फिरवायला माणसं हवीत म्हणून शहरात आरा गिरणीवर गेलेला काकूंचा मुलगा परतला, पाठोपाठ दोघे पुतणेही. तिघांना धड एक वाक्य वाजवता येईना. मधाच्या पोळ्याची शिट्टी कशी, यावरून काकू आणि बहीण दोन दिवस भांडल्या. शेवटी त्यांच्या नव्वदीच्या मामांनी अंथरुणातूनच ती वाजवून दाखवली. सूनही शिकली, आणि काकूंना सुनेबद्दलच्या तक्रारी बहिणीला सांगायची चोरी झाली.

गेल्या वर्षी शाळेने काकूंना मुलांना शिट्टी शिकवायला बोलावलं. उभ्या जन्मात त्या वर्गात शिरल्या नव्हत्या, त्यामुळे आधी दारातच घुटमळल्या. समोरच्या बाकावरच्या चिमुरडीचे पुढचे दोन्ही दात पडलेले. ती जीव तोडून फुंकत होती, नुसती हवा निघत होती. तिचे डोळे भरून आले.

काकू तिच्याशेजारी बसल्या. "दात येईपर्यंत तू ऐक," त्या म्हणाल्या. "वाजवणारे पुष्कळ झालेत, ऐकणारं कुणीतरी हवंच ना."

मुलीने नाक पुसलं आणि कान टवकारले.