खोडरबर सर

वर्गाच्या दारात हात पसरून उभा राहणारा प्राध्यापक मी दुसरा पाहिला नाही. त्या हातावर प्रत्येकानं आपला खोडरबर ठेवायचा आणि तास संपला की पत्र्याच्या डब्यातून परत घ्यायचा. बडोद्याबाहेरच्या आमच्या खासगी विद्यापीठात ते सिव्हिलच्या मुलांना जमिनीची मोजणी शिकवत. खरं नाव वेळापत्रकावर होतं. आम्ही त्यांना खोडरबर सर म्हणायचो.

त्यांचा नियम एकच. मोजणीच्या वहीत पेन्सिलीनं लिहायचं, पण पुसायचं नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची, खालचा वाचता आला पाहिजे, आणि वर बरोबर लिहायचा. "चुकलं तर चुकलं," ते म्हणत. "लपवायचं कशाला?" वर्गात मराठी घरातली मी एकटीच, त्यामुळे इतरांना गुजरातीत मिळणारी बोलणी मला खास मायबोलीत मिळत.

मोजणी जिथून सुरू केली तिथंच परत येऊन संपवायची असते. सुरुवातीच्या जागेची उंची पुन्हा तीच आली तर काम बरोबर. मे महिन्यातल्या एका दुपारी मी अर्ध्यातूनच कडुलिंबाखाली बसले आणि उरलेले आकडे मनानंच लिहिले. उंची तंतोतंत जुळली. सरांनी वही पाहिली. "इतकं बरोबर मला आजवर कधी आलं नाही," म्हणाले आणि शून्य दिलं. दुसऱ्या दिवशी सगळी मोजणी पुन्हा, त्याच उन्हात.

बाबा रिफायनरीत होते. ते तावातावानं सरांना भेटायला आले. "एवढी फी भरतो आम्ही, साहेब."

सरांनी आधी चहा मागवला. "बरोबर आहे तुमचं. फी तुम्ही भरलीत. पण उद्या ही करजणला गटार बांधेल, उतार उलटा पडेल आणि एखाद्या बाईच्या स्वयंपाकघरात घाण पाणी शिरेल. त्या बाईनं मला फी दिलेली नाही. तिच्या बाजूनं कोण बोलणार?"

घरी येताना बाबांचा राग निवला होता. मी मात्र घुश्श्यातच होते. त्याच आठवड्यात शिक्षकांबद्दल मत देण्याचा फॉर्म आला. त्यात मी सरांना पाचापैकी एक गुण दिला, वर 'विद्यार्थ्यांशी वागणूक चांगली नाही' असंही लिहिलं. नाव द्यायचं नव्हतं, त्यामुळे अंगात धीर आला होता.

थोड्याच दिवसांत वरून सूचना निघाली. विद्यार्थी हे आपले ग्राहक आहेत, आणि ज्यांचे फॉर्म वाईट येतील त्यांचा करार वाढणार नाही. सरांनी ती आम्हाला वाचून दाखवली. तरुणपणी ते नागरवाड्यात मामांच्या साडीच्या दुकानात उभे राहत असत. "गिऱ्हाईक कसं सांभाळायचं ते मला ठाऊक आहे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दारात हात नव्हता. "आवो, बेसो," असं म्हणत सरांनी आम्हाला आत घेतलं. ज्याची त्याची वही बघून "बहु सरस", "बहु सरस". वर्ग खुशीत होता. माझी पाळी आली. गटाराच्या उताराचं गणित होतं आणि माझं उत्तर मलाच खरं वाटत नव्हतं.

"सर, बरोबर आहे का हे?"

"तुम्हाला आवडलं ना, बेन? मग शोभतंय तुम्हाला."

त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मला चक्क भीती वाटली. करजणची ती न पाहिलेली बाई डोळ्यांपुढे आली.

"सर, चूक सांगा ना. पाणी उलटं जाईल."

सरांनी हात पुढे केला. मी त्यावर खोडरबर ठेवला. मग मागच्या बाकांवरूनही एकेक येऊ लागला.

फॉर्म एकदा पाठवला की पुन्हा उघडत नाही. माझा बदलायला मी खूप खटपट केली. वर्ष संपलं आणि सरांचा करार वाढला नाही.

मी बडोद्यातल्या वासणा भागात त्यांच्या घरी गेले. ते बाल्कनीत कोथिंबीर निवडत बसले होते. "सर, त्या फॉर्मांतला एक माझा होता," मी सांगून टाकलं.

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "लागलं गं मला ते," म्हणाले. "तसं बोलायचंच होतं तर तोंडावर बोलायचंस."

"आता तो पुसता येत नाही, सर."

"पुसायला मी कधी शिकवलं तुला? एक रेघ मार. वर बरोबर लिही."

"फॉर्म बंद झालाय."

"मग दुसरीकडे लिही. सवडीनं."

आता मी गटारांचीच कामं करते. करजणलाही एक केलं, पाणी सरळ जातं. पण त्यांनी सांगितलेलं लिहायला सवड काढली नाही, आणि गेल्या हिवाळ्यात सर गेले. म्हणून आज हे लिहायला बसले.

पाचापैकी पाच, सर. खालचा एक पुसलेला नाही.